फुकटाचं बिल

एसक्यूलाइट हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण या घडीला ते बहुधा तुमच्या खिशात आहे. फोनमधली नावं-नंबर, आलेले-गेलेले निरोप, ब्राउझरच्या लक्षात राहिलेलं तुमचं सगळं भटकणं, अशा असंख्य गोष्टी हे छोटंसं डेटाबेस सॉफ्टवेअर मुकाट्याने सांभाळत असतं. अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेचं काम करता करता डी. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली लिहिलं आणि त्यावरचा स्वामित्वहक्क चक्क सोडून दिला. घ्या, वापरा, मोडा, विका, हवं तर स्वतःचं नाव लावा. कोणी विचारणार नाही. इतर सॉफ्टवेअरच्या माथ्यावर जिथे परवान्याचा कायदेशीर मजकूर असतो, तिथे हिपसाहेबांनी तीन ओळींचा आशीर्वाद लिहून ठेवला आहे.

आता गंमत पाहा. याच एसक्यूलाइटचा परवाना हिप यांची शार्लट शहरातली कंपनी विकते. किंमत ६,००० डॉलर, म्हणजे पाच लाख रुपयांच्या पुढे. त्या पैशांत मिळतं काय? एक कागद. हे सॉफ्टवेअर वापरायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, असं त्यावर रीतसर लिहिलेलं असतं. अधिकार आधीही होताच, हे विकणाराही सांगतो आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण मोठ्या कंपन्यांना कायदा विभाग असतो. फुकट मिळालेल्या वस्तूची पावती नसते, आणि पावती नसली की वकिलाला झोप लागत नाही. मग तो इंजिनियरला म्हणतो, काही कर, पण हे विकत घे.

मला हा व्यवहार फार आवडतो. तत्त्व आणि पोट यांचा मेळ घालायचे जे जे प्रयोग मुक्त सॉफ्टवेअरच्या चाळीसेक वर्षांत झाले, त्यातला हा सर्वांत निरागस. माल फुकट, पावती विकत.

आपल्याकडे ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणतात. पण ती म्हण घरात बसलेल्या माणसाची आहे. तोच माणूस सकाळी साडेनऊला परचेस खात्याच्या खुर्चीत जाऊन बसला की म्हण बदलते: फुकट ते संशयास्पद. माझा एक मित्र नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांना ईआरपी बसवून देतो. खरेदी, विक्री, गोदाम, पगार, हिशेब हे सगळं एका जागी आणणारी ही प्रणाली. तो बसवतो ती ईआरपीनेक्स्ट, मुंबईतल्या फ्रापे कंपनीची. ऋषभ मेहता यांनी सुरू केलेल्या या कंपनीने आपलं सगळं सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली ठेवलंय आणि ती पोट भरते ते आपल्या सर्व्हरवर ते चालवून देण्यावर आणि अडीअडचणीला मदत करण्यावर. माझ्या मित्राच्या कोटेशनची पहिली ओळ ठरलेली असते: सॉफ्टवेअर परवाना, शून्य रुपये. खाली मग बसवणं, जुना डेटा भरणं, माणसांना शिकवणं, वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार.

कारखान्याचे शेठ चष्मा कपाळावर सरकवतात. “हे शून्य कसं काय?”

“मुक्त स्रोत आहे, शेठ. सॉफ्टवेअरचे पैसे नाहीत.”

“असं कसं? मग यात डिस्काउंट किती देणार?”

“शून्यातून काय कमी करू?”

“मग एएमसीत करा.”

हा संवाद संपला की खरा प्रश्न येतो. तो कधी चहा येण्याआधी येतो, कधी नंतर, पण येतोच. “हे उद्या बंद पडलं तर मी कॉलर कोणाची धरायची?” मित्र म्हणतो, “माझी.” त्याचं म्हणणं असं, की पुढच्या सगळ्या बिलांचे पैसे त्याला या एका शब्दाचे मिळतात. सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याला जोडलेली कॉलर नाही.

बारकाईने पाहिलं तर या धंद्याची सगळी मोठी घराणी याच कॉलरवर उभी राहिली. मुक्त सॉफ्टवेअरचे आद्य पुरुष रिचर्ड स्टॉलमन १९८४ च्या सुरुवातीला एमआयटीतली नोकरी सोडून बाहेर पडले, ते सॉफ्टवेअर कुलुपात ठेवणं हे पाप आहे असं मानून. वर्षभराने त्यांनी ईमॅक्स नावाचा संपादक लोकांना वाटायला घेतला, तेव्हा बहुतेकांकडे इंटरनेट नव्हतं. म्हणून ज्यांना घरपोच हवा त्यांना टेपवर भरून पाठवायची सोय त्यांनी केली. दर १५० डॉलर. ज्याच्याकडे जोडणी आहे त्याने फुकट उतरवून घ्यावा, ज्याच्याकडे नाही त्याने टेप मागवावी. मुक्त सॉफ्टवेअरवर पैसे मिळवणारा पहिला दुकानदार असा खुद्द स्टॉलमनच निघाला, आणि त्यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नाही. पैसे घेण्याला त्यांचा विरोध नव्हताच. घेतलेली वस्तू उघडून पाहायची, दुरुस्त करायची आणि शेजाऱ्याला द्यायची मुभा काढून घेण्याला होता. हा फरक त्यांनी आयुष्यभर समजावून सांगितला. ऐकणारे बहुतेक जण ‘फुकट’ एवढंच ऐकून घरी गेले.

मायकेल टीमन मात्र गेले नाहीत. त्यांनी स्टॉलमन यांचा जाहीरनामा वाचला आणि इतरांना त्यात जिथे समाजवाद दिसत होता तिथे यांना धंद्याचा आराखडा दिसला. १९८९ साली दोन साथीदारांबरोबर त्यांनी सिग्नस ही कंपनी काढली. काम काय, तर स्टॉलमन यांचा फुकट कंपायलर नव्या नव्या चिपवर चालेल असा करून द्यायचा आणि अडलं की फोन घ्यायचा. फुकटचं सॉफ्टवेअर आम्ही परवडण्याजोगं करतो, अशा अर्थाचं त्यांचं घोषवाक्य होतं. वरवर हा विनोद वाटतो. पण ज्याने फुकटच्या सॉफ्टवेअरशी एक शनिवार-रविवार झटापट केली आहे, त्याला तो विनोद वाटणार नाही.

दहा वर्षांनी सिग्नसला रेड हॅटने विकत घेतलं. रेड हॅट हे या घराण्यातलं सर्वांत यशस्वी लेकरू. मार्क ईविंग या तरुणाकडे आजोबांनी दिलेली लाल टोपी होती, ती घालून तो कॉलेजात लोकांच्या संगणकाच्या अडचणी सोडवायचा. त्यावरून हे नाव पडलं. बॉब यंग हे त्याचे व्यापारी भागीदार. ११ ऑगस्ट १९९९ ला कंपनीचे शेअर बाजारात आले, १४ डॉलरचा शेअर संध्याकाळपर्यंत ५२ च्या घरात गेला. त्याआधी कंपनीने एक भली गोष्ट करायची ठरवली होती. कंपनी जी विकत होती ती लिनक्स ही संगणकप्रणाली ज्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं फुकट लिहिली, त्यांनाही पहिल्या किमतीत थोडे शेअर मिळावेत म्हणून त्यांना पत्रं पाठवली. शेअर मिळायचे एका ऑनलाइन ब्रोकरामार्फत, आणि त्या ब्रोकराची एक प्रश्नावली होती: उत्पन्न किती, शिल्लक किती, गुंतवणुकीचा अनुभव किती. यातले पुष्कळ जण विद्यार्थी. ज्या सॉफ्टवेअरवर कंपनी उभी होती ते लिहिणारे त्या कंपनीचे शेअर घ्यायला अपात्र ठरले, कारण त्यांनी आयुष्याची चांगली वर्षं पैसे न मिळवण्यात घालवली होती. पुढे आरडाओरडा झाला, काहींना वाट काढून दिली गेली. पण त्या प्रश्नावलीइतकं या विषयाचं नेमकं व्यंगचित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

रेड हॅटने विकलं काय? सुरुवातीला खोक्यात घातलेल्या सीडी, आणि नंतर वर्षाची वर्गणी. वर्गणी भरली की तपासलेलं लिनक्स, वेळच्या वेळी डागडुजी, वर्षानुवर्षांची हमी आणि धरायला कॉलर. बँका आणि शेअर बाजार लाल टोपी मानू लागले. २०१९ साली आयबीएमने ३,४०० कोटी डॉलर मोजून ही कंपनी घेतली. फुकट वस्तूची एवढी किंमत एकरकमी कोणी मोजल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. मराठी माणसाचाही या कंपनीशी संबंध आहे: पुण्यात तिचं मोठं कार्यालय आहे, आणि लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांनी वर्षानुवर्षं ज्या फॉन्टवर डोळे टेकले तो लोहित देवनागरी रेड हॅटनेच खुला केला. वर्तमानपत्रांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी एकेका फॉन्टच्या डाँगलसाठी पैसे मोजल्याचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना ही किरकोळ गोष्ट वाटणार नाही.

पण लिनक्सच्या मुक्त परवान्याची एक अट अशी, की ज्याला माल दिला त्याला त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोडही द्यायचा, आणि त्याने तो पुढे कोणालाही द्यावा. रेड हॅट तर सोर्स सगळ्या जगासमोर मांडून ठेवत असे. २००४ मध्ये काही लोकांनी तो उचलला, त्यातल्या लाल टोप्या आणि कंपनीचं नाव तेवढं काढलं आणि सेंटओएस नावाने तसंच्या तसं लिनक्स फुकट देऊ केलं. जगातल्या अर्ध्या होस्टिंगवाल्यांनी, कॉलेजांनी आणि आपल्यासारख्या काटकसरी लोकांनी ते घेतलं. रेड हॅटने बराच काळ हे हसून चालवून घेतलं, २०१४ मध्ये सेंटओएसला घरातच घेतलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं की सेंटओएस ८ पुढच्या वर्षाअखेर संपेल. लोकांनी २०२९ पर्यंतच्या भरवशावर सर्व्हर उभे केले होते. २०२३ च्या जूनमध्ये तर सोर्सही चारचौघांत मांडणं थांबलं; तो आता वर्गणीदारांना. परवान्याच्या शब्दाबाहेर यातलं काहीच नव्हतं. तरी लोक दुखावले, आणि मला वाटतं ते बरोबरच दुखावले. वकिलाला परवान्यातला मजकूर पुरतो, पण शेजार सवयीवर चालतो. वीस वर्षं जे अंगणातून जाऊ दिलं, तिथे फाटक बसवलं तर सातबारा कोणाच्या नावावर आहे हे सांगून राग जात नाही.

आता कॉलर विकण्याच्या धंद्यातली एक गोम सांगायला हवी. ती या क्षेत्रातले लोक मोठ्याने बोलत नाहीत. अडचणीला मदत करण्याचे पैसे मिळत असतील तर अडचण शिल्लक राहायला हवी. सॉफ्टवेअर इतकं सुबक झालं की शेठच्या भाच्याने रविवारी बसून स्वतःच बसवलं, तर माझ्या मित्राची एएमसी गेली. मी म्हणत नाही की कोणी मुद्दाम अवघड ठेवतं. पण सूचना-पुस्तिका लिहायचं काम नेहमी पुढच्या महिन्यावर जातं, एवढं मी पाहिलं आहे.

म्हणून काहींनी दुसरी वाट धरली: गाभा फुकट, वरचं काही विकत. इथे कसोटी लागते ती रेघ कुठे मारायची याची. फार आत मारली तर फुकटचं निरुपयोगी ठरतं आणि लोक निघून जातात. फार बाहेर मारली तर विकायला काही उरत नाही. या बाबतीत गिटलॅब कंपनीने मांडलेला नियम मला मोठा मार्मिक वाटतो. एखादी सोय सर्वांत जास्त कोणाला हवी आहे ते पाहायचं. राबणाऱ्या प्रोग्रॅमरला हवी असेल तर फुकट. त्याच्या साहेबाला हवी असेल तर पैसे. साहेबाच्या साहेबाला हवी असेल तर जास्त पैसे. त्यामुळे कोड लिहायची अवजारं मोकळी असतात, आणि कोणी किती वाजता काय केलं, कोणाच्या मंजुरीशिवाय काय अडून राहावं, सगळ्याचा मिळून रंगीत आलेख कसा दिसतो, या गोष्टींना दाम पडतं. संपत्तीचं इतकं बिनबोभाट फेरवाटप करणारी पद्धत मी दुसरी पाहिलेली नाही. साहेब मंडळींनाही ती खुपत नाही, कारण आलेख खरोखरच रंगीत असतो.

मायएसक्यूएलची कथा कौटुंबिक आहे. फिनलंडचे मायकेल विडेनियस, ज्यांना सगळे माँटी म्हणतात, त्यांनी डेटाबेसला आपल्या थोरल्या मुलीचं, म्हणजे ‘मी’ हिचं नाव दिलं. दोन परवाने ठेवले: तुमचंही सॉफ्टवेअर मुक्त असेल तर आमचं फुकट घ्या, तुम्हाला तुमचं झाकून ठेवायचं असेल तर पैसे मोजा. दुसऱ्याच्या गुपिताची किंमत वसूल करणारा हा सरळ हिशेब होता आणि तो चांगला चालला. २००८ मध्ये सन कंपनीने १०० कोटी डॉलरला मायएसक्यूएल घेतलं, माँटी पुढे बाहेर पडले, आणि मग ओरॅकलने सनलाच गिळलं. डेटाबेस विकून गब्बर झालेल्या कंपनीच्या घरात आपली लेक पडलेली पाहून माँटींनी लोकांच्या सह्या गोळा केल्या, युरोपपर्यंत दाद मागितली. उपयोग झाला नाही. पण मुक्त परवान्याखाली विकलेल्या वस्तूत एक सोय असते: विकल्यानंतरही ती तुमच्याजवळ असते. माँटींनी तोच कोड उचलला, नवी शाखा काढली आणि तिला धाकट्या मुलीचं नाव दिलं, मारिया. आज माझ्या मित्राच्या सातपूरच्या सर्व्हरवर शेठचा सगळा हिशेब मारियाडीबीत आहे. शेठना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मुलगी विकून मुलगी परत आणली म्हणायची. आणि मग, व्यापारी माणूस, थोडं थांबून: “शंभर कोटी डॉलर ठेवूनच ना?”

इथवर सगळं खपून जाण्यासारखं होतं. गणित बिघडलं ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर सगळं भाड्याने मिळू लागलं तेव्हा.

उन्हाळ्यात एखादा व्यापारी बाजारपेठेत वडिलांच्या स्मरणार्थ पाणपोई घालतो. ओल्या लाल फडक्याचे रांजण, साखळीने बांधलेला पेला, सकाळी येऊन भरणारा एक म्हातारा. जाणारा-येणारा पाणी पितो, पाटीवरचं नाव वाचतो, त्यातल्या चार जणांना त्याच्या दुकानाची आठवण होते. छान चाललेलं असतं. मग एके दिवशी समोर टँकर उभा राहतो. ड्रायव्हर नळी सोडतो, रांजण तळाला जातात, आणि संध्याकाळी एसटी स्टँडवर त्याच पाण्याच्या थंडगार बाटल्या मिळू लागतात. लेबलवर पाणपोईचंच नाव. व्यापारी भांडायला जातो तर टँकरवाला नम्रपणे पाटी दाखवतो: पाणी सर्वांसाठी. तहान किती लागलेली असावी याची अट पाणपोईवर लिहिलेली नसते.

शे बॅनन यांची पाणपोई अशीच सुरू झाली. त्यांची बायको लंडनमध्ये पाकशास्त्र शिकत होती, हे रिकामे होते, आणि तिच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून त्यांनी शोधयंत्र लिहायला घेतलं. त्यातून २०१० मध्ये इलॅस्टिकसर्च जन्माला आलं, कंपनी झाली, जगभर पसरली. पाककृतींचं ॲप तेवढं राहून गेलं, असं ते स्वतःच थट्टेने सांगतात. २०१५ मध्ये ॲमेझॉनने तेच सॉफ्टवेअर त्याच नावाने आपल्या सर्व्हरवर भाड्याने द्यायला सुरुवात केली. भांडणं, नावावरून खटला, आणि २०२१ च्या जानेवारीत इलॅस्टिकने परवानाच बदलला: भाड्याने द्यायचं असेल तर तुमचा सगळा डोलारा उघडा करा. अशा परवान्याची सुरुवात मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने २०१८ मध्ये केली होती, आणि मुक्त स्रोताचे पंच त्याला मुक्त मानत नाहीत. ॲमेझॉनने शेवटचा मोकळा कोड उचलून ओपनसर्च नावाची वेगळी शाखा काढली. २०२४ च्या मार्चमध्ये रेडिस या दुसऱ्या डेटाबेस कंपनीने तीच गोष्ट केली, तर काही दिवसांत व्हॅल्की नावाची शाखा निघाली आणि ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल तिच्यामागे उभे राहिले. ज्यांच्यापासून वाचायला कुंपण घातलं, ते कुंपणाबाहेर एकत्र जमून आनंदात. आत राहिले ते छोटे वापरणारे, ज्यांच्याशी भांडण कधी नव्हतंच.

पुढचा भाग मला गोड वाटतो. २०२४ सरायच्या आत इलॅस्टिकने पुन्हा एक खराखुरा मुक्त परवाना ठेवला. २०२५ च्या मे महिन्यात रेडिसनेही. बॅननसाहेबांनी तर हा परतीचा निर्णय उघड आनंदाने जाहीर केला. रागावून घराबाहेर पडलेला माणूस जेवायच्या वेळेला परत आला की त्याला फार प्रश्न विचारू नयेत. तरी माझा एक पक्ष सांगतो. टँकरवाल्याबद्दलची तक्रार खरी आहे. पण या रांजणांत मालकाव्यतिरिक्त अनेकांनी आपापल्या घरून आणून पाणी ओतलेलं असतं, आणि पाटी बदलताना त्यांना कोणी विचारत नाही.

कंपन्यांची ही दुःखं निदान बातम्यांत येतात. ज्यांच्याकडे विकायला कॉलरही नाही त्यांचं काय? स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग कर्ल नावाचं सॉफ्टवेअर सांभाळतात. इंटरनेटवरून काही आणायचं-न्यायचं असेल तर ते लागतं, म्हणून फोन, टीव्ही, मोटारी, सगळीकडे असतं. परवान्याची अट एवढीच की श्रेय द्या. ते देताना मोटार कंपन्या गाडीच्या पडद्यावर कुठेतरी खोल त्यांचं नाव आणि ईमेल छापतात. गाडीत काही बिघडलं की मालक सगळे पडदे उलटसुलट करतो, त्याला अख्ख्या गाडीत जिवंत माणसाचा एकच पत्ता सापडतो, आणि तो त्यांना लिहितो: माझ्याकडे टोयोटा कोरोला आहे, मदत करा. २०२२ च्या जानेवारीत एका बलाढ्य कंपनीने त्यांना पत्र धाडलं: लॉगफोरजे या दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरमधल्या भगदाडाबाबत चोवीस तासांत खुलासा करा. कर्लचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. स्टेनबर्ग यांनी सौजन्याने कळवलं की मदतीचा करार केलात तर सगळं सांगतो. उत्तर आलं ते ‘डेव्हिड’ असा मायना घालून, आणि आम्ही तुमचे ग्राहक नाही म्हणता की काय, असं विचारत. स्टेनबर्ग यांनी पुढच्या पत्राचा मायना ‘गोलियाथ’ असा घातला.

एसक्यूलाइटवाल्यांनाही अशा फोनांचा जाच झाला होता. मॅकफी या अँटीव्हायरसने एसक्यूलाइट वापरलं, त्याच्या तात्पुरत्या फाइली विंडोजच्या संगणकांवर साठू लागल्या, लोक फाइलीच्या नावावरून शोध घेत आणि मध्यरात्री प्रोग्रॅमरला फोन करून झोपेतून उठवत. उपाय म्हणून २००६ मध्ये त्यांनी फाइलींच्या नावाआधीचं ‘एसक्यूलाइट’ हे अक्षरशः उलटं लिहून टाकलं. मूळ सोर्समध्ये ही हकीकत टिपणात नोंदलेली आहे. हेतू असा, की तात्पुरत्या फाइलीवर चिडण्याइतका भोळा माणूस नाव सुलटं करून वाचण्याइतका खटपटी नसावा.

हसण्यावारी नेता येणार नाही असंही झालं आहे. ओपनएसएसएल बँकांपासून रुग्णालयांपर्यंत सगळ्यांचे व्यवहार गुप्त ठेवतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यात हार्टब्लीड हे भयंकर छिद्र सापडलं, तेव्हा कळलं की या प्रकल्पाला देणग्या येत होत्या त्या वर्षाला साधारण २,००० डॉलर, आणि पूर्णवेळ राबणारा माणूस एक. जर्मनीचे वेर्नर कॉख जीएनयूपीजी हे गुप्तलेखनाचं सॉफ्टवेअर १९९७ पासून जवळजवळ एकट्याने ओढत होते. २०१५ मध्ये त्यांच्या ओढगस्तीवर लेख छापून आला आणि फेसबुक, स्ट्राइप यांनी वर्षाला प्रत्येकी ५०,००० डॉलर कबूल केले. म्हणजे पैसे होते. देण्याची इच्छाही होती. बिल आलं नव्हतं, एवढंच.

झिरोधा या आपल्याकडच्या शेअर दलाली कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जगभरच्या अशा प्रकल्पांना वर्षाला १० लाख डॉलर द्यायचा निधी काढला, तेव्हा त्यांना हे नेमकं उमजलेलं दिसतं. अट अशी की प्रत्येक प्रकल्पाने एक ठरावीक फाइल भरून ठेवावी: आम्ही कोण, आम्हाला किती लागतात, ते कोणत्या मार्गाने पाठवावेत. कोड लिहिणाऱ्या माणसाला पैसे मागायला सांगणं कठीण. फाइल भरायला सांगितली की तो बिनतक्रार भरतो.

आमच्या शेठनाही अशीच उपरती झाली. तीन-चार वर्षं हिशेब बिनबोभाट चालला, तेव्हा दसऱ्याला शस्त्रपूजा करताना लेथ-मिलिंगच्या शेजारी सर्व्हरलाही हार घालून झाल्यावर त्यांनी मित्राला बाजूला घेतलं. “हे ज्यांनी लिहिलं त्यांना काही द्यायचं असेल तर?” मित्राने यादी सांगितली: फ्रापे मुंबईत आहे, तिचं आपण देतोच काही, पण खाली मारियाडीबी, पायथन, रेडिस, आणखी पुष्कळ. शेठ म्हणाले, सगळ्यांना थोडं थोडं द्या. प्रकरण अकाउंट्सच्या मॅडमकडे गेलं.

“पार्टीचं बिल?” मॅडमनी विचारलं.

“बिल नाही. देणगी आहे.”

“मग ऐंशी-जीची पावती?”

“ते परदेशात आहेत, मॅडम.”

“पीओ काढून त्यांना बिल पाठवायला सांगा.”

“कशाचं बिल? त्यांनी काही विकलेलंच नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. न विकलेल्या वस्तूचे पैसे, न मागणाऱ्या माणसाला, बिलाशिवाय. ऑडिटरला त्या काय सांगणार होत्या? पण त्या हुशार. त्यांनी मित्राचं जुनं कोटेशन काढलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “इथे शून्य आहे ना, तिथे तुम्हीच आकडा टाका. बिल तुमचं. पुढे तुम्ही ज्याला द्यायचे त्याला द्या.”

मित्राने परवान्यासमोर दहा हजार रुपये लिहिले. त्यावर १८ टक्के जीएसटी लागला, नऊ टक्के केंद्राचा आणि नऊ टक्के राज्याचा.